शेखरची बिनक्लचची गाडी

शेखर निचितेला गणू पष्टे किती ओळखत होता, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर 'फार थोडं' हेच. दोघांच्या घरांमध्ये एक निवडुंगाच्या कुंपणाची वई आणि एक रायवळ आंबा, एवढंच अंतर. वीसेक वर्षांचा शेजार. शेखरच्या गाडीच्या गिअरबॉक्समधला छर्रा न् छर्रा गणूच्या बोटांना पाठ होता. पण शेखरला गोड आवडायचं की तिखट, तो देवाकडे काय मागायचा, एकटा असला की काय गुणगुणायचा, यातलं काही गणूला सांगता आलं नसतं. शेखरच्या बाराव्याला पानावर त्याच्या आवडीचं काय वाढायचं, याची ओसरीत कुजबुज चालली होती. कुणीतरी गणूलाच विचारलं. एवढे दिवस दोघं एका खड्ड्यात बसलात, तुमाला ठाऊक असंल. गणू पाणी वाढायला उठला.

तेव्हा जे ठाऊक आहे तेवढंच सांगायचं.

गणू पष्टे किन्हवलीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर, भाताच्या गिरण्या आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचा. हात बरा होता, पण हातावर त्याचा स्वतःचा विश्वास कमी. नट आवळून झाला तरी घरी जाताना त्याला वाटायचं, आवळला ना? मग अर्ध्या वाटेवरून परत. त्यात एकदा त्यानं घरचा मिक्सर खोलला होता आणि परत बसवताना दोन स्क्रू उरले होते. मिक्सर माळ्यावर गेला तो गेलाच. त्याची बायको कमळाबाई त्या मिक्सरचं नाव वर्षातून निदान दोन सणांना काढायची.

शेखर तरुणपणी वाशिंदच्या एका कारखान्यात होता. अंधारात जायचा, अंधारात यायचा, त्यामुळे शेजारी असूनही त्याचा चेहरा गणूला रविवारी तेवढा दिसायचा. पंचाण्णव साली कारखान्यात त्याचा डावा पाय यंत्राच्या जड रुळाखाली सापडला. इस्पितळात गुडघ्याखाली कापावा लागला. परत आला तो ओटीवर बसला, आणि बसूनच राहिला. सकाळी वत्सला, त्याची बायको, त्याला चहा देऊन शेतावर जायची. दुपारी आली तर कप तिथेच, शेखर तिथेच. गणू वईच्या अलीकडून विचारायचा, "जेवलास का?" तो म्हणायचा, "जेवलो." दोन-तीन वर्षं त्या दोघांचं एवढंच बोलणं. पुढचं काही विचारावं असं गणूला रोज वाटायचं आणि रोज धीर व्हायचा नाही.

मग अठ्ठ्याण्णव साली गाडी आली. डोंबिवलीचे एक वयस्क डॉक्टर मुलाकडे परदेशी चालले होते, त्यांची जुनी, पांढरी, छोटी गाडी. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडायचे. डाव्या पायाला काही कामच नाही. गावानं अशी गाडी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी पारावरची सगळी मंडळी खिडकीतून डोकं घालून खाली बघून गेली. क्लच नाय तर ही गिअर बदलते कशी, यावर आठवडाभर वाद चालला. कुणी म्हणालं आत कॉम्प्युटर हाय, कुणी म्हणालं आत पाणी हाय. शेवटी एकानं निकाल दिला की दोन पायांची माणसं तीन पायडल दाबतात, आपला शेखर एका पायानं दोन दाबतो, म्हणजे हिशेबानं तोच पुढं. शेखर हसला. तो हसलेला गणूनं कितीतरी दिवसांनी पाहिला.

त्या गाडीनं शेखरला ओटीवरून उठवलं. शहापूरच्या एका घाऊक औषधवाल्या शेठचं काम त्याला मिळालं. सकाळी शहापुरात खोके भरायचे आणि शेणवं, किन्हवली, सरळगाव करत मुरबाडपर्यंत दुकानादुकानात पोचवायचे. पावसाळ्यात एसटी बंद पडली तरी शेखरची गाडी यायची. दुकानदार त्याची वाट बघू लागले. वाट बघणारं कुणी असलं की माणूस दाढी करतो. शेखर रोज दाढी करू लागला.

पाचेक वर्षं अशी बरी गेली. दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर गाडी चढावर दम टाकायला लागली. इंजिन ओरडायचं, पण चाकं जागची हलायची नाहीत. मग एकदम हिसका बसायचा. शेखरनं रस्त्यावरच्या एकाला दाखवली. तो म्हणाला क्लचप्लेट गेली, आणि मग क्लचच सापडेना म्हणून गप्प बसला. आठ दिवसांत गाडी अंगणात उभी राहिली. तेल मोजायची काठी बाहेर काढून गणूनं वास घेतला. तेल काळं झालं होतं आणि करपलेल्या भातासारखा वास येत होता.

शेठ वाईट नव्हता. त्यानं सांगितलं, म्हशाच्या जत्रेपर्यंत मी कसंतरी निभावतो, पण त्यानंतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. म्हशाची जत्रा पौषात. शेखर घरी आला आणि ओटीवर बसला. त्याच जागी. वत्सला दाराआड उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि वईच्या अलीकडून गणू तिच्याकडे.

अशा गाड्यांचं काम करणारा माणूस कल्याणला होता. फक्कीचाचा. कल्याणच्या जुन्या कोकणी मुसलमानांपैकी; लांब दाढी, चष्म्याला दोरी. त्याच्या दुकानात फक्त गिअरबॉक्स, तेही फक्त बिनक्लचचे. शेखर आणि गणू एसटीनं गेले. फक्कीचाचानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, गाडी ट्रकवर घालून आणा, दोन महिने लागतील, माझ्याकडं रांग आहे. मग खर्च सांगितला. तो आकडा शेखरनं पुढं घरीही कधी सांगितला नाही. पण तो मागे सरला तो आकड्यामुळे नाही, हे गणूला तेव्हाच दिसलं. दुकानाच्या मागच्या भागाला शटर होतं, अर्धं खाली ओढलेलं. शेखर त्या शटरकडे बघत होता.

त्यानं विचारलं, "मला आत बसून बघता येईल?"

"गिऱ्हाइकानं आत बसायचं नाय," फक्कीचाचा म्हणाला. "डॉक्टर काय पेशंटच्या बायकोला आत घेतो?"

बाहेर येऊन दोघं रसवंतीच्या बाकावर बसले. शेखरनं रसाचा पेला रिकामा केला. मग म्हणाला, "काका, घरी खोलू. तुमी नि मी."

गणूनं सांगितलं की बाबा रे, मी ट्रॅक्टरवाला. हे यंत्र मी उघडं कधी बघितलेलं नाय. बिघडलं तर आणखी बिघडवीन. मिक्सरचं तुला ठाऊकच हाय.

"माझा पाय कापला तवा मी बेशुद्ध व्हतो," शेखर म्हणाला. "शुद्धीवर आलो तर संपलेलं सगळं. कुणी दाखवलं नाय, कुणी विचारलं नाय. हिला खोलताना तरी मला बघू द्या. नाय जमलं तर नाय जमलं."

गणू उठला आणि परत दुकानात गेला.

फक्कीचाचानं सामानाचा डबा काढून दिला: रबरी कडी, नव्या प्लेटी, आणि सगळे भाग सुटे करून दाखवणारं एक चित्र. वर कोपऱ्यातलं एक रिकामं गोणपाट झटकून गणूच्या खांद्यावर टाकलं. "हे पण न्या. खोलाल तुमी, पण बसवीन मी. सुटे भाग पोत्यात भरूनच आणाल, तर पोतं माझंच असू दे." दुकानातली पोरं हसली. गणूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण पोतं त्यानं खाली ठेवलं नाही.

तरी तो माणूस मनानं कोता नव्हता. गणू दारात घुटमळतोय असं बघून तो म्हणाला, तू गिऱ्हाईक नाहीस, तू कारागीर. तुला आत बसता येईल. मंगळवारी ये, असलाच एक बॉक्स भरायचा आहे.

मंगळवारी गणू पालथ्या बादलीवर दिवसभर बसला. शटरच्या आत. नुसतं बघितलं. नव्या प्लेटी आधी तेलात भिजत घालायच्या, कोरड्या बसवल्या तर जळतात. चिंधीनं काही पुसायचं नाही, एक दोरा आत गेला तरी वाट अडते. पोलादी छर्रे कुठल्या भोकात किती. फक्कीचाचा बडबड करत काम करायचा आणि शिव्या यंत्राला द्यायचा. संध्याकाळ झाली, बॉक्स गाडीखाली चढला. मुरबाडची शेवटची एसटी चुकू नये म्हणून गणू उठला. आता फक्त तेल भरायचं राहिलं आहे, तेल काय आपल्याला माहीत आहे, असा त्यानं विचार केला.

अंगणात आंब्याखाली काम सुरू झालं. गॅरेजात गाडीखाली उभं राहायला पक्का खड्डा असतो. इथे शेखरनं आणि गणूनं शेताला पाणी काढायला खणतात तसा चर खणला, कडांवर फळ्या टाकल्या आणि गाडी त्यावर ढकलली. शेखर नकली पाय काढून ठेवायचा आणि हातांवर घसरत चरात उतरायचा. खाली उतरला की दोघांची उंची सारखी. आंब्याच्या फांदीला विहीरवाल्यांकडची साखळी टांगून गिअरबॉक्स खाली घेतला. कमळाबाई वईपाशी येऊन उभी राहिली.

"माळ्यावर जागा करून ठेवू का?" तिनं विचारलं.

"ठेव," गणू म्हणाला. "मिक्सर सरकव थोडा."

खरा घोर वेगळाच होता. बॉक्स खोलला की आतून शेकडो भाग निघतात. गोल, चपटे, दातेरी, एकसारखे दिसणारे आणि एकसारखे नसणारे. ते कुठल्या क्रमानं निघाले हे विसरलं की संपलं. चित्रातली अक्षरं इतकी बारीक, की चष्मा लावूनही गणूला मुंग्याच दिसायच्या. तो डोकं धरून बसला.

तोडगा वत्सलानं काढला. नात्यातल्या एका लग्नासाठी आणलेल्या पळसाच्या पत्रावळी घरात उरल्या होत्या. तिनं पडवीची फरशी धुऊन काढली, कोरडी केली आणि भिंतीकडेनं पत्रावळींची रांग मांडली, दारापासून उखळापर्यंत. "हे दार म्हणजे पंगतीचं पहिलं पान," ती म्हणाली. "निघंल तो भाग पुढच्या पानावर. बसवायला लागाल तवा उखळाकडनं उलटं यायचं. पंगतीत कोण कुणाच्या शेजारी बसला हे माणूस विसरत नाय."

खरंच विसरत नाही. भागांना नावं नव्हती, तर पानांवरून नावं पडली. मोठ्या दातेरी चाकाला मामंजी, त्याच्याभोवती फिरणाऱ्या तीन लहान चाकांना करवल्या. एक चपटं कडं सारखं घसरायचं, त्याला शेखरनं व्याही म्हटलं. मान दिल्याशिवाय जागेवर बसत नाही म्हणून. वत्सलानं एक नेम घातला: पंगतीतून कुणी मधेच उठायचं नाय. शेवटी मठ्ठा फिरल्याशिवाय पानावरून उठलं तर यजमानाचा अपमान. म्हणजे गिअरबॉक्सचा एक कप्पा खोलायला घेतला की तो पुरता पानांवर मांडल्याशिवाय कामावरून उठायचं नाही, मग चहा गार होऊ दे.

दोरे सुटू नयेत म्हणून पुसायला काय घ्यायचं, हा प्रश्न आला. सुती धोतर चालेना. शेखर घरात गेला आणि त्याचा लग्नातला टेरिलिनचा सदरा घेऊन आला. वत्सला काही म्हणेल म्हणून गणूनं तिच्याकडे बघितलं. तिनं कात्री आणून दिली.

त्या दिवसांत दोघं चिकार बोलले असतील असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. "ते दे." "हे धर." "अजून दाब." एवढंच. शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालायची आणि धूळ उडाली की शेखर पानांवर चादर पांघरायचा, झोपलेल्या पोरांवर पांघरावी तशी. करपलेल्या प्लेटी निघाल्या तेव्हा त्यानं एक हातात घेतली आणि अंगठ्यानं काळं खरवडलं. म्हणाला, "एवढंच गेलं व्हतं?" गणूनं मान हलवली. "बाकी सगळं चांगलं हाय?" "बाकी चांगलं हाय." शेखर ती प्लेट बराच वेळ हातात घेऊन बसला. तो गाडीबद्दलच बोलत होता की कसं, हे गणूनं विचारलं नाही.

नव्या प्लेटी वत्सलाच्या परातीत लाल तेलात रात्रभर भिजल्या. ते तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं; ट्रॅक्टरच्या जाड तेलाशी त्याचं काही नातं नाही. मग उखळाकडून दाराकडे उलटी पंगत सुरू झाली. स्प्रिंगा दाबायचं हत्यार नव्हतं, ते सुताराच्या शिकंज्यापासून केलं. व्याही दोनदा रुसले. मामंजी, करवल्या, छर्रे, सगळे आपापल्या जागी गेले. दाराजवळच्या शेवटच्या पानावरचा भाग उचलला आणि पडवीत नुसत्या रिकाम्या पत्रावळी राहिल्या. एकही स्क्रू उरला नव्हता. कमळाबाईनं स्वतः येऊन पानं मोजल्यासारखी बघितली.

साखळीनं बॉक्स वर चढला. सकाळी थंड वेळी, जसं तो ट्रॅक्टरचं जन्मभर करत आला तसं, गणूनं तेल भरलं. काठी पुसली, बुडवली, काढली. खुणेला बरोबर. आणखी एकदा पुसून बघितली. बरोबर.

शेखर गाडीत बसला. वत्सला तुळशीपाशी उभी. इंजिन सुरू झालं. गिअरचा दांडा मागं ओढला. काही नाही. पुढं ढकलला. काही नाही. आतून बारीक, केविलवाणा आवाज आला, तहानलेलं जनावर रिकाम्या डोणीत तोंड घालतं तसा. शेखरनं गाडी बंद केली. थोडा वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. मग उतरला, चालायची काठी घेतली, आणि ओटीवर जाऊन बसला. त्याच जागी.

गणू घरी आला. कमळाबाई मिक्सरबद्दल बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यानं फक्कीचाचाचं गोणपाट खुंटीवरून काढलं. अंगणात जाऊन गाडीशेजारी ठेवलं. वर ओटीकडे बघत खुणेनं शेखरला विचारलं, खोलू का परत? शेखरनं नजर वळवली. जत्रा आठवड्यावर आली होती. आपण शहाणपणा केला नसता, रांगेत थांबलो असतो, तर निदान आशा तरी शिल्लक राहिली असती, असं गणूच्या मनात आलं. त्याच्या हातांनी एका माणसाला दुसऱ्यांदा ओटीवर बसवलं होतं.

फोन करायचा म्हणजे गणूला घाम फुटायचा. तरी तो किन्हवलीला चालत गेला, टेलिफोनच्या खोक्यात शिरला आणि कल्याणचा नंबर लावला. फक्कीचाचा ओळखून म्हणाला, "पोतं भरलं काय रे?"

गणूनं सगळं सांगितलं. पंगत, प्लेटी, छर्रे, एकूण एक. पलीकडून हसणं थांबलं होतं. फक्कीचाचा मधेमधे 'मग?' म्हणत होता. शेवटी त्यानं विचारलं, "तेल कवा बघितलंस?"

"सकाळी. थंड असताना. काठी पुसून."

"गाडी चालू व्हती का बंद?"

"बंद. बंदच असते ना."

मग फक्कीचाचा हळू आवाजात म्हणाला, "अरे येड्या, मेलेल्याची नाडी बघतोस? ही गाडी जिवंत असताना बघायची. चालू ठेव, तिला पाजत जा. दांडा पुढंमागं करत जा नि पाजत जा. मंगळवारी तू उठून गेलास, तवा मी तेच करीत व्हतो."

सगळं त्यात आलं. गाडी सुरू झाली की ते यंत्र आधी स्वतःचं पोट भरतं, आणि खाली काठीपाशी काही उरतच नाही. बंद गाडीत खुणेला बरोबर दिसलेलं तेल चालू गाडीला घोटभर होतं. ट्रॅक्टरची रीत इथं लावली, तिथं फसगत झाली. गणू परत येताना निम्मा रस्ता चालला आणि निम्मा पळाला. त्या वयात त्याला पळताना बघून शेतातल्या बाया उठून उभ्या राहिल्या, कुणाला काय झालं म्हणून.

ऐकून वत्सला आधी हसली. "म्हणजे काका, तुमी मठ्ठ्याच्या आधीच पानावरून उठलात."

"उठलो गो," गणू म्हणाला.

शेखरनं गाडी चालू केली. गणूनं बारीक नळी लावून लाल तेल ओतायला घेतलं. ओतलं, थांबला, शेखरनं दांडा फिरवला, परत ओतलं. तो केविलवाणा आवाज आधी जाड झाला, मग मऊ झाला, मग ऐकू येईनासा झाला. गाडी अंगावर काटा आल्यासारखी एकदा हलली आणि शेखरनं ब्रेकवरचा पाय सोडताच आपणहून पुढं सरकली. चरावरच्या फळ्या वाजल्या. तुळशीला वळसा घालून, वईला आरसा घासत ती रस्त्यावर गेली. शेखर सरळगावापर्यंत जाऊन आला. आल्यावर तो गाडी बंद न करता खाली उतरला, टेरिलिनचा तुकडा गणूच्या हातात दिला आणि बॉनेट उघडून धरलं. गणूनं काठी ओढली. तेल खुणेला होतं, लाल होतं.

जत्रेच्या आधी शेखर शेठकडे कामावर गेला.

फक्कीचाचाचं गोणपाट परत द्यायचं होतं. आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. मग पोत्याला ती का लागू नये? वत्सलानं त्यात नव्या भाताचे तांदूळ भरले, तोंड शिवलं, आणि शेखरनं ते गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, गणूला शेजारी बसवून, स्वतः कल्याणला नेलं. दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा फक्कीचाचा पोतं बघून म्हणाला, बघ, मी काय सांगितलं व्हतं, भरूनच आणलंस. मग हात लावला, आत तांदूळ लागले, आणि पोतं त्यानं स्वतः उचलून आत ठेवलं. गाडीची एक चक्कर मारून आला, काठी बघितली, अर्थात गाडी चालू ठेवून. गणूला म्हणाला, तिसरा गिअर जरा उशिरा पडतो. आणि मग, "पण पडतो." गणूला ते पुढं कितीतरी वर्षं पुरलं. मात्र पुढच्या वेळी तिसऱ्या गिअरचं काम शेखरनं फक्कीचाचालाच दिलं, आणि त्या वेळी चाचानं शटर वर करून त्याला बादलीवर बसवलं. घरी करावं की जाणत्याकडे न्यावं, याचं उत्तर गणूला विचाराल तर तो म्हणेल, आधी घरी खोलावं आणि मग जाणत्याला फोन करावा. आणि लाजू नये.

त्या उन्हाळ्यात वत्सला गाडी शिकली. क्लच नाही म्हटल्यावर अवघड असं काही उरतच नाही, असं शेखर म्हणायचा. शिकवताना तो शेजारी बसून अजिबात ओरडायचा नाही. बाजूनं चालणारा गणूच घाबरून ओरडायचा. पुढं दोन हजार नऊमध्ये, एका दुपारी मुरबाडच्या दुकानात खोके उतरवता उतरवता शेखर बाकावर बसला आणि परत उठला नाही. गाडी बाहेर सावलीत नीट लावलेली होती. बारावं झाल्यावर महिनाभरानं वत्सलानं शेठला निरोप धाडला आणि शेणवं, किन्हवली, सरळगाव ही वाट तीच करू लागली. सुरुवातीला पोरं रस्त्याकडेला उभी राहून बघायची. आता कुणी वळूनही बघत नाही, औषधं आली एवढंच म्हणतात. त्या गाडीचं पुढं आयुष्य संपलं, दुसरी आली, तीही बिनक्लचचीच. तिचंही तेल गणूच बघतो, गाडी चालू ठेवून.

शेखरच्या शेवटच्या सकाळी काही वेगळं घडलं नाही. नेहमीसारखा तो वईपाशी थांबला, गाडी चालूच. गणूनं काठी काढून टेरिलिनवर पुसली.

"लाल हाय," तो म्हणाला.

"मग निघतो काका. मुरबाडवरनं काय आणू? काकीला बटर हवं का खारी?"

"तुला आवडतं ते आण."

"बरं," शेखर म्हणाला.